मलमलीच्या दस्तीवर मशीनचं भरतकाम: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमच्या लातूरकडं रुमालाला दस्ती म्हणतात. खिशातली असो नाहीतर कमरेला खोचलेली, ती दस्तीच. लग्नसराई आली की नावाचं पहिलं अक्षर भरलेल्या दस्त्या रुखवतात मांडायला लागतात, आणि नवी एम्ब्रॉयडरी मशीन घेतलेली बाई पहिलं काम हेच धरते. कपडा वीतभर, खर्च थोडा, बिघडलं तरी फार जात नाही, असा हिशोब असतो.

माझाही तोच होता. २१ दस्त्यांची ऑर्डर घेतली, छान मऊ मलमल आणली आणि मशीनमध्येच असलेला भरगच्च गुलाब कोपऱ्यात काढला. नऊ हजारांच्या वर टाके. रिंगमध्ये होता तोवर गुलाब झकास दिसला. रिंग काढली तशी मलमल चारी बाजूंनी आकसली, आणि धुतल्यावर तर एका दस्तीचा गुलाब पोस्टाचं टिकट फाडावं तसा भोकांच्या रेषेवरून सुटून हातात आला. मशीनचा दोष नव्हता. मलमलीचं सूत भरतकामाच्या दोऱ्यापेक्षा दुबळं असतं, आणि मी त्या दुबळ्या सुतावर गादी शिवायला निघाले होते.

आपल्याकडच्या तांड्यावरच्या बंजारा बायांचं भरत बघा. गच्च टाके, वर आरसे, कवड्या. ते शोभतं, कारण खाली जाडंभरडं कापड असतं. दस्तीला तो भार पेलत नाही. म्हणून तयार दस्तीची माझी कसोटी एकच: चौघडी घालून गालाला लावायची. टोचली, तर ती दस्ती नव्हे, पुठ्ठा झाला.

कपडा कोणता घ्यायचा

सुरुवात मलमलीवर करू नका. आधी केंब्रिक किंवा ब्लाऊजचं टू बाय टू रुबिया घ्या. टू बाय टू म्हणजे उभा आणि आडवा, दोन्ही धागे दुपदरी पिळाचे; त्यामुळं कपडा पातळ असूनही टाका धरून ठेवतो. पाच-सहा दस्त्या त्यावर नीट उतरल्या की मलमलीला हात लावा. ऑर्गंडी कडक असल्यामुळं भरायला सोपी जाते, पण तिनं कोण घाम पुसणार?

दुकानात रुबिया म्हणून पॉलिस्टर मिसळलेला कपडाही मिळतो. दोन धागे उपसून काडीनं जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत भुकटी होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी उरते. दस्तीला सुतीच हवं, नाहीतर घाम टिपला जात नाही.

घरी आणल्यावर कपडा रात्रभर पाण्यात टाका. सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतोच. भरतकाम झाल्यावर आटला तर दोरा आटत नाही आणि कपडा तेवढा चुणतो.

कापताना कात्री सरळ चालेल या भरवशावर राहू नका. कडेला बारीक चीर द्या, एक धागा सुईच्या टोकानं उचला आणि हळूहळू ओढत न्या. तो निघून गेला की कपड्यात एक पांढुरकी सरळ रेघ उमटते, तिच्यावरून कापा. हे वेळखाऊ आहे, पण दस्ती घडी घातल्यावर कोपऱ्याला कोपरा जुळतो तो यामुळंच. ३६ इंच पन्ह्याच्या एक मीटर कपड्यात १२ इंचाच्या नऊ दस्त्या निघतात. बायकांच्या दस्तीला एवढं माप पुरतं, पुरुषांची १६ ते १८ इंच लागते.

खरं तर नवख्यांनी आधी कापूच नये. अख्ख्या कपड्यावर खुणा करून भरतकाम उरकायचं, धुवायचं, मग दस्त्या कापायच्या. सगळा कपडा रिंगमध्ये मावतो, कोपरा धरायची कसरत नाही. मी हे चौथ्या ऑर्डरला शिकले.

खुणेसाठी पाण्यानं जाणारा निळा पेन वापरा आणि ती खूण पाण्यानं काढल्याशिवाय तिच्यावर इस्त्री फिरवू नका. उष्णतेनं ती पक्की बसते आणि मग कशानंच निघत नाही.

खळ

ही युक्ती मशीनच्या पुस्तकात नाही, आजीच्या पांढऱ्या लुगड्यातली आहे. दोन चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा आणि पातळ फडक्यातून गाळायचा. गुठळी राहिली तर तिथं डाग पडतो. कोमट खळीत कपडा बुडवायचा, पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं, सावलीत वाळवायचा आणि जरा दमट असतानाच इस्त्री करायची. मलमल कागदासारखी ताठ होते आणि सुईखाली सरकत नाही. इस्त्री उभ्या नाहीतर आडव्या धाग्यावर फिरवा. तिरकी ओढलीत तर चौकोनाचा पतंग होतो.

लक्षात ठेवा, निळ्या पेनच्या खुणा मी वर आधी सांगितल्या असल्या तरी क्रम उलटा पाळायचा: आधी खळ आणि इस्त्री, नंतर खुणा.

स्टॅबिलायझर, पण फ्रिजचा नव्हे

कपड्याखाली आधाराला जो पेपर लावतात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. लातूरच्या गंजगोलाई बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या निम्म्या रस्त्यांवर मी पहिल्यांदा हा शब्द वापरला आणि मला फ्रिजचं आणि कूलरचं दुकान दाखवण्यात आलं. एम्ब्रॉयडरीच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘पाण्यात विरघळणारा पेपर’ असं सांगा, लगेच कळतं.

यात तीन जाती आहेत. फाडून काढायचा पेपर मलमलीला नको, फाडताना टाके ओढले जातात. कापून काढायचा पेपर टाक्यांमागं कायमचा राहतो, आणि पातळ कपड्यातून त्याची सावली दिसते. दस्तीला विरघळणारा, तोही कापडासारखा तंतूंचा. प्लॅस्टिकच्या कागदासारखा दिसणारा पातळ विरघळणारा पेपर टॉवेलवर वरून ठेवायला चांगला, खाली आधाराला तो सुईच्या भोकांनी फाटतो.

हा पेपर हवेतला ओलावा ओढतो. पावसाळ्यात उघडा राहिला तर लिबलिबीत होतो, आणि आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वाळून कडक होतो, रिंगमध्ये घालताना तडकतो. झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा. ओल्या हातानं धरू नका, बोटाएवढं भोक पडतं. वाफेची इस्त्री तर जवळही आणू नका.

रिंगमध्ये धरणं

निम्मं काम इथंच होतं, म्हणून इथं घाई नको.

कापलेली किंवा तयार शिवलेली दस्ती असेल तर कोपरा रिंगच्या चारी बाजूंना पुरत नाही. अशा वेळी रिंगमध्ये फक्त पेपर धरायचा. चार इंची लहान रिंगच घ्या. रिंग जितकी मोठी तितका पेपर मधे सैल पडतो. पेपर हलगीसारखा ताणलेला हवा, टिचकी मारली की वाजला पाहिजे. त्यावर पेनानं उभी-आडवी फुली काढा. दस्तीवरही डिझाइनच्या मध्यावर तशीच फुली काढा आणि दोन्ही फुल्या जुळवून दस्ती पेपरवर नुसती पसरा. पलंगावर चादर घालतो तशी, ओढायची नाही. पेपर ताणायचा आणि कपडा निवांत ठेवायचा, यात गल्लत झाली की चुण्या पडल्याच म्हणून समजा. ताणलेला कपडा रिंगमध्ये असताना गुळगुळीत दिसतो, सुटला की मूळ मापावर परततो आणि टाक्यांभोवती गोळा होतो.

मग डिझाइनच्या बाहेरून कच्च्या टाक्यांची चौकट मारा. मशीनमध्ये सोय असेल तर उत्तमच, नाहीतर हातानं, लांब टाके घेऊन. टाचण्या लावू नका. चिकटवायचा स्प्रे मी एकदा वापरला, सुईवर डिंक चढून दोरा तुटत राहिला, तेव्हापासून नाही.

कोपऱ्यात डिझाइन तिरकं बसवायचं असतं. इथं नवखी बाई हटकून दस्ती तिरकी ठेवते. दस्ती सरळच ठेवा, उभा धागा रिंगच्या कडेला समांतर, आणि डिझाइन मशीनवर ४५ अंशांनी फिरवा. फुल्या जुळवायला आणि नजरेनं तपासायला हे सोपं जातं, शिवाय कपडा तिरक्या धाग्यावर ओढला जात नाही. दोन्ही कडांपासून इंचभर आत राहा, नाहीतर तयार दस्तीच्या जाड दुमडीवर मशीनचा पाय अडतो.

सुई आणि दोरा

सुई ६५/९ किंवा ७०/१०, टोकदार. ६५ म्हणजे जाडी ०.६५ मिलिमीटर. मशीनसोबत येणारी सुई बहुतेक वेळा जाड असते, ती बाजूला ठेवा. दर आठ-दहा तास मशीन चालली की सुई बदला. बोथट सुई मलमलीचा धागा बाजूला सारत नाही, तोडते. टाका पडताना टक-टक असा आवाज येऊ लागला की समजायचं.

वरचा दोरा ६० नंबरचा मिळाला तर सोनं. नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो, त्यामुळं नेहमीच्या ४० नंबरपेक्षा ६० हलका बसतो. बॉबिनमध्ये एरवी पांढरा दोरा भरतात, दस्तीला वरच्याच रंगाचा भरा. दस्ती दोन्ही बाजूंनी दिसते, हे साडीच्या काठावर काम करणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही. लाल आणि गडद निळा दोरा आधी ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबून बघा. रंग सोडत असेल तर तो दस्तीला नाही.

डिझाइन आणि आपलं देवनागरी

भरीव काहीच नको. बारीक वेल, रेषेतलं फूल, एखादं अक्षर. पैठणीवरची मुनिया म्हणजे तो छोटा पोपट, किंवा आसावलीची वेल, नुसत्या बाह्यरेषेत काढली तर सुरेख दिसते. विणीतल्यासारखी भरायला जाऊ नका. हजार-बाराशे टाक्यांच्या आत राहिलात तर दस्ती मऊ राहते. दीड इंचाच्या डिझाइनला तेवढे टाके भरपूर झाले.

टाक्यांच्या दोन ओळींतलं अंतर डिझाइनच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधीच ०.४ मिलिमीटरवर ठेवलेलं असतं. पातळ कपड्याला ते ०.५ ते ०.५५ करा. आकडा वाढला की टाके विरळ होतात, उलटं समजू नका. खालचा आधाराचा टाका एकच, साधा रनिंगचा. सॅटिनची पट्टी, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत शेजारी शेजारी टाके घालून भरलेली पट्टी, एक मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, सुई जागच्या जागी पडून कपडा कापला जातो.

आणि मोठं डिझाइन मशीनवरच लहान करू नका. बऱ्याच मशीन आकार घटवतात, टाके घटवत नाहीत. तेवढेच टाके लहान जागेत कोंबले जातात. दहा टक्क्यांपर्यंत चालतं, पुढं नाही. माझा नऊ हजारांचा गुलाब तसाच झाला होता.

अक्षरांचं दुखणं निराळं. बहुतेक मशीनमध्ये इंग्रजी अक्षरं तयार असतात, देवनागरी नसतात. त्यासाठी कॉम्प्युटरवर चित्र काढायचं इंकस्केप आणि त्या चित्राचे टाके करणारं, त्याला जोडायचं इंकस्टिच, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि मशीनला वाचता येणाऱ्या डीएसटी, पीईएस, जेईएफ अशा फाइली देतात. डीएसटी फाइलमध्ये रंगांची माहिती नसते, त्यामुळं मशीनच्या पडद्यावर तुमचा गुलाबी ‘स’ हिरवा दिसला तर घाबरू नका.

‘स’ भरताना काय होतं ते बघा. काना उभा, त्याचे टाके आडवे पडतात आणि कपडा आडवा आवळतात. काना अरुंद होतो आणि उंचीत थोडा वाढतो. शिरोरेषा आडवी, तिचे टाके उभे. ती बारीक होते आणि लांबीत वाढते. परिणाम असा की काना शिरोरेषेच्या वर डोकं काढतो किंवा दोघांच्या मधे फट पडते, आणि अक्षर टोपी उडाल्यासारखं दिसतं. उपाय: काना शिरोरेषेच्या अर्ध्या जाडीपर्यंतच न्या आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, वरून भरा. म्हणजे सांधा झाकला जातो. पूर्ण नाव असेल तर सलग सॅटिनची शिरोरेषा देऊच नका, मलमल तिच्याखाली पडद्यासारखी चुणते. तिथं दुहेरी-तिहेरी रनिंग टाका पुरतो.

अनुस्वार हे दुसरं संकट. एकाच जागी आठ टाके पडले की तिथं टिंब नाही, भोक होतं. टिंब दोन मिलिमीटरचं ठेवा, टाके मोजके. नावात वेलांटी, उकार, जोडाक्षर असेल तर अक्षराची उंची १२ मिलिमीटरच्या खाली आणू नका. ‘ज्ञानेश्वरी’ नावाच्या नवरीला मी नम्रपणे ‘ज्ञा’वर राजी केलं.

मशीन चालवताना

त्याच कपड्याच्या आणि त्याच पेपरच्या तुकड्यावर आधी एक नमुना काढा. उलटी बाजू बघा: सॅटिनच्या पट्टीत मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या दोऱ्याचा आणि दोन्ही कडांना वरचा दोरा दिसायला हवा. दोन्ही दोरे एका रंगाचे असतील तर हे कळणार नाही, म्हणून नमुन्यापुरती बॉबिन पांढरी लावा. पातळ कपड्याला वरचा ताण नेहमीपेक्षा कमी लागतो.

वेग मिनिटाला ४०० ते ५०० टाके. सुरू करण्याआधी चाक हातानं फिरवून सुई खाली आणा, फुलीच्या मध्यावर टेकते का बघा. बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या, पहिले पाच-सहा टाके पडेपर्यंत वरच्या दोऱ्याचं टोक बोटात धरा, मग थांबवून ते टोक कापा. नाहीतर खाली गुंता होतो आणि मलमल सुईच्या भोकात ओढली जाते. गुंता झालाच तर रिंग उपटू नका. आधी वरचा दोरा कापा, मग खालून एकेक टाका.

एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाणारा दोरा मागं तसाच राहू देऊ नका. जाड कपड्यात चालतं, इथं तो शिरेसारखा उमटून दिसतो.

मधेच लाईट जाणारच. काही मशीन थांबलेली जागा लक्षात ठेवतात, काही विसरतात. म्हणून पडद्यावरचा टाक्यांचा आकडा अधूनमधून कागदावर टिपा. लाईट गेली की रिंगमधून दस्ती काढायची नाही, हलवायचीही नाही. परत आली की त्या आकड्याच्या सात-आठ टाके मागं जाऊन सुरू करा, सांधा कळत नाही. इन्व्हर्टरवर चालवायची असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, ते आधी विचारून घ्या.

पेपर काढणं

कच्चे टाके उसवा, जास्तीचा पेपर कात्रीनं टाक्यांच्या जवळून कापा, मगच पाणी. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, बोटानं चोळू नका, पाणी बदला, पुन्हा बुडवा. एका पाण्यात काम झालं असं वाटतं, पण वाळल्यावर दस्ती डिंक लावल्यासारखी कडक लागते. तीन पाणी तरी हवीत. निळी खूण आणि खळही याच पाण्यात निघून जातात.

आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. ते पांढऱ्या दस्तीवर वाळलं की खडखडीतपणा येतो आणि गडद दोऱ्यावर पांढुरकी झाक बसते. शेवटचं पाणी जारचं वापरा, एका जारमध्ये लग्नाच्या सगळ्या दस्त्या निघतात.

लग्नघरात हळदीचा हात लागलाच, तर साबण चोळू नका, डाग लाल होतो. साध्या पाण्यानं धुऊन उन्हात टाका. आपल्याकडचं ऊन दोन-तीन दिवसांत पिवळेपणा खाऊन टाकतं.

इस्त्री उलट्या बाजूनं, खाली दुपदरी टॉवेल घालून, म्हणजे टाके दबत नाहीत. मग कापणं आणि कडा. हातानं बारीक गुंडाळून तुरपाई केली तर उत्तम. एवढा वेळ नसेल तर पिकोवाल्याकडं द्या, पण दोरा तुमचा द्या आणि अक्षर असलेला कोपरा दाखवून ठेवा. माझ्या चार दस्त्यांना गुलाबी अक्षराशेजारी मोरपंखी पिको होऊन आलेला आहे.

२१ ची ऑर्डर असेल तर २४ कापा. एक नमुन्यात जाते, एक लाईटच्या नावानं, एक हाताशी असू द्या. तयार दस्त्या पुन्हा खळ लावून साठवू नका, कपाटात झुरळं येतात.